बोटीच्या सीटवरची बुरशी आणि डाग: सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं

हंगाम सुरू झाला, बोटीवरचं कव्हर काढलं, आणि पांढऱ्या सीटवर काळे ठिपके, कडेला पिवळट पट्टे, वर कुबट वास. अशा वेळी बहुतेकांचा हात एकाच गोष्टीकडे जातो: ब्लीचची बाटली आणि कडक ब्रश. दोन तासांत सीट पांढरीशुभ्र दिसते. मग महिन्याभरात ठिपके त्याच जागी परत येतात, आणि पुढच्या हंगामात शिवण उसवायला लागते.

ही सफाई मी स्वतः केली आहे. नवख्या माणसाला कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट अशी: डाग वर दिसतो, पण दुखणं बहुतेक वेळा आत असतं, फोममध्ये, शिवणीत किंवा खालच्या लाकडात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. पहिल्या दोन पायऱ्यांत ब्रशला हातही लावायचा नाही, आणि नेमक्या त्याच दोन पायऱ्या सगळे गाळतात.

१. सीट कशाची बनली आहे ते समजून घ्या

आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो ते बोटीवरचं व्हिनाइल एका थराचं नसतं. खाली पॉलिस्टरचं विणलेलं कापड असतं, त्यावर पीव्हीसीचा थर, आणि सगळ्यात वर अगदी पातळ असा पारदर्शक संरक्षक लेप. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. ऊन, तीव्र द्रव आणि तेलकट पॉलिश यांनी हा प्लास्टिसायझर हळूहळू निघून जातो. मग व्हिनाइल ताठरतं, आक्रसतं आणि त्याला भेगा पडतात. गेलेला मऊपणा कोणत्याही क्रीमने परत येत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

वरच्या लेपाचंही तसंच. तो एकदा घासून गेला की खालचा थर उघडा पडतो. मग मळ लवकर धरतो आणि बुरशीला पाय रोवायला जागा मिळते. म्हणजे सीट जितकी जोरात घासाल तितकी ती पुढच्या वेळी लवकर मळेल.

बुरशी खुद्द व्हिनाइलवर फारशी जगत नाही. व्हिनाइलवर बसलेला घामाचा, सनस्क्रीनचा, सांडलेल्या सरबताचा आणि धुळीचा थर हे तिचं खाणं. त्याला ओल आणि कोंदट हवा मिळाली की बाकी काही लागत नाही.

२. ओल आत आहे का ते तपासा

सीट कोरडी दिसत असेल तेव्हा तिच्या कडेला, शिवणीजवळ, तळहाताने जोरात दाबा. शिवणीतून पाणी किंवा फेस आला, किंवा दाबल्यावर कुबट वासाचा भपकारा आला, तर फोम भिजलेला आहे. मग सीट उलटी करा. खालच्या प्लायवूडमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं, टोक सहज आत गेलं, तर ते कुजलं आहे. स्टेपलच्या पिना गंजल्या आहेत का, तेही इथेच दिसेल.

हाताला हलकी आणि कोरडी लागणारी सीट वरून साफ केली की काम झालं. फोम भिजलेला असेल तर आधी थेट नवव्या पायरीवर जा, फोमचा निकाल लावा आणि मग इकडे या. ओल्या फोमवरचं व्हिनाइल साफ करणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणं.

३. डाग कशाचा आहे ते ओळखा

काळे किंवा करडे ठिपके, त्यातही शिवणीजवळ आणि पाठ-बैठकीच्या सांध्यात दाटीने असलेले, म्हणजे बुरशी. हिरवट थर, बहुधा सावलीतल्या बाजूला, म्हणजे शेवाळ. ते साबणानेच निघतं. माणसं जिथे टेकतात तिथे पिवळट चट्टे असतील तर ते बहुतेक सनस्क्रीन आणि अंगाच्या तेलाचे. बटणांभोवती आणि कडेच्या पिनांजवळ तपकिरी-नारिंगी ओघळ दिसले तर तो गंज. निळसर छटा जीन्सची. तपकिरी, पानाच्या आकाराचा डाग खरोखरच ओल्या पानाचा असतो. रबराच्या चटया, दोऱ्या किंवा काळे फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बोटीच्या कडेला लटकवतात ते गादीसारखे गोळे) सीटवर ठेवून दिले असतील तर त्यांच्याही खुणा उमटतात. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये मुरतात, आणि अशा खुणा सहसा पूर्ण निघत नाहीत.

आता गुलाबी डाग. हा सगळ्यांत फसवा. गुलाबी किंवा जांभळट, कडा धूसर, हात लावला तर पृष्ठभाग स्वच्छ आणि गुळगुळीत. याचं मूळ वर नसतंच. व्हिनाइलच्या पाठीमागे किंवा फोममध्ये काही सूक्ष्मजीव वाढतात, विशेषतः स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू, आणि ते एक रंगद्रव्य तयार करतात. हे द्रव्य प्लास्टिसायझरमध्ये विरघळून आतून वरपर्यंत झिरपतं. त्यामुळे वरून कितीही घासलं तरी तो डाग निघत नाही. उन्हाने किंवा ब्लीचने फिका पडतो, आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं, आणि काही दिवसांनी तो पुन्हा वर येतो. गुलाबी डागावर श्रम खर्च करू नका. त्याचं काय करायचं ते दहाव्या पायरीत आहे.

४. सामान जमवा

- दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक स्वच्छ पाण्याची
- भांडी घासायचा सौम्य द्रव साबण
- मऊ केसांचा ब्रश आणि शिवणीसाठी जुने, मऊ टूथब्रश
- मायक्रोफायबरची पांढरी किंवा फिक्या रंगाची कापडं, भरपूर (गडद कापडाचा रंग ओल्या व्हिनाइलला लागू शकतो)
- ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड
- पांढरं व्हिनेगर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल
- खाण्याचा सोडा
- गंजासाठी सायट्रिक आम्ल किंवा ऑक्झॅलिक आम्ल असलेलं, गंज काढायचं तयार द्रावण
- रबरी हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क
- पंखा

कागदपत्रांत एकच: सीट किंवा बोट वॉरंटीत असेल तर निर्मात्याची देखभालीची पत्रिका. कोणते द्रव चालत नाहीत हे त्यात लिहिलेलं असतं आणि ते या लेखापेक्षा वरचढ समजा. काम सुरू करण्याआधी चारी बाजूंनी फोटोही काढून ठेवा. पुढे वॉरंटीचा प्रश्न आला किंवा काढलेल्या सीट परत बसवायच्या झाल्या की ते उपयोगी पडतात.

काय आणायचं नाही, तेही सांगतो. थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल नको, ते वरचा लेप विरघळवतात. तारेचा ब्रश आणि भांड्यांची हिरवी घासणी नको. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. त्याचं पाणी टाक्यांच्या भोकांतून सरळ फोममध्ये जातं, आणि वरून सीट मात्र चकाचक दिसते. ‘जादूचा’ म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज हा मेलामाइनचा फोम असतो, म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच. एखाद्या हट्टी ठिपक्यावर हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवायला हरकत नाही. पूर्ण सीट त्याने घासणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांची सीट पुढे सगळ्यांत आधी मळकी होते.

५. सीट काढून जमिनीवर आणा

ज्या सीट निघतात त्या काढा. बोटीवरच धुतलं तर साबण, पेरॉक्साइड आणि बुरशीचा मळ सगळं पाण्यात जातं, आणि शिवाय तुम्हाला सीटची खालची बाजू दिसत नाही. स्क्रू एका डबीत ठेवा आणि सीटच्या मागे चिकटपट्टीवर क्रमांक लिहा. सारख्या दिसणाऱ्या दोन सीटची भोकं क्वचितच तंतोतंत जुळतात.

काम सावलीत आणि मोकळ्या हवेत करा. तापलेल्या व्हिनाइलवर द्रव सेकंदात वाळतो आणि त्याचाच नवा डाग पडतो. कोरडी बुरशी ब्रशने झाडू नका, तिचे बीजाणू हवेत उडतात. आधी ओली करा, मग हात लावा. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर मास्क घालूनही हे काम दुसऱ्याकडे सोपवलेलं बरं.

६. पहिला हात साबणाचा

कोमट पाण्यात थोडा द्रव साबण घाला. आधी स्वच्छ, ओल्या कापडाने वरची धूळ आणि मीठ उचलून घ्या, कारण वाळूचे कण तसेच ठेवून घासलं तर ओरखडे उठतात. मग ब्रश साबणात बुडवून, झटकून, गोल-गोल हलका फिरवा. एका वेळी हातभर जागा घ्या. घासा, ओल्या कापडाने पुसा, कोरडं करा आणि पुढे सरका. पाणी ओतायचं नाही, ब्रश आणि कापडच ओलं ठेवायचं.

समुद्रात फिरणाऱ्या बोटीवर या पायरीला दुप्पट महत्त्व आहे. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. शिवणीत मीठ राहिलं तर ती शिवण कधीच पूर्ण वाळत नाही, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बादलीतलं पाणी काळं झालं की बदला.

इथे जरा थांबा. सीट पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा बघा. बऱ्याच सीटचं काम इथेच निम्म्याहून जास्त झालेलं असतं. जे डाग दिसतील, पुढचे द्रव फक्त त्यांच्यावरच वापरा.

७. बुरशीवर पेरॉक्साइड

कोणताही नवा द्रव आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. दहा मिनिटं ठेवा, पुसा, वाळू द्या. रंग उतरला नाही आणि पृष्ठभाग चिकट लागला नाही तरच पुढे जा. रंगीत सीट आणि रंगीत पायपिंग (शिवणीवरची दोरीसारखी गोल किनार) असेल तर हे टाळूच नका.

हलक्या बुरशीला व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात पुरतं. लावा, पंधरा मिनिटं ठेवा, मऊ ब्रश फिरवा, पुसा. त्याने नाही भागलं तर जागा साध्या पाण्याने नीट पुसून, वाळवून मग पेरॉक्साइड घ्या. दोन्ही एकत्र ओतू नका, त्यातून पेरॲसेटिक आम्ल तयार होतं आणि ते डोळ्यांना व फुप्फुसांना झोंबतं.

३ टक्क्यांचं पेरॉक्साइड तसंच, पाणी न घालता वापरा. ठिपक्यांवर ते लावा, बुडबुडे येऊ द्या आणि किमान दहा मिनिटं ती जागा ओली राहील असं बघा. वाळायला लागलं तर पेरॉक्साइडमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी वर पसरून ठेवा. सगळेजण घाई करतात ती नेमकी इथे. फवारलं आणि लगेच पुसलं, तर बुरशी मरत नाही, फक्त ओली होते. वेळ झाला की टूथब्रश फिरवा, पुसा, गरज वाटली तर पुन्हा एकदा करा.

आणि एक लक्षात घ्या: बुरशी मेली म्हणजे तिचा डाग गेला असं नाही. तिचा रंग व्हिनाइलमध्ये मुरलेला असेल तर फिकट सावली राहते. वास गेला, ठिपके वाढत नाहीत, पृष्ठभाग स्वच्छ आहे, एवढं झालं की ती सावली स्वीकारा. ती घालवण्याच्या हट्टापायी सीटचा लेप जातो.

शिवणीला वेगळा वेळ द्या. कापडाची घडी करून शिवणीचा मळ बाहेरच्या दिशेने ओढून काढा, आत ढकलू नका. पायपिंग असेल तर ते अंगठ्याने बाजूला दाबून त्याच्या खाली टूथब्रश न्या. निम्मी बुरशी तिथे लपलेली असते.

८. हट्टी डाग, एकेक करून

सनस्क्रीन आणि तेल: खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लगदा करा, डागावर ठेवा, बोटाने हलकेच फिरवा, पुसा. उरलं तर अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने टिपा.

शाई, जीन्सचा रंग: हेच अल्कोहोलचं मिश्रण, पण लगेच. शाई काही तासांतच व्हिनाइलमध्ये उतरायला लागते. कापडाची जागा सतत बदला, नाहीतर तोच रंग तुम्ही दुसरीकडे नेऊन लावाल. अल्कोहोल सीटवर साचू देऊ नका, आणि जवळ आग किंवा इंधन नको.

गंज: आम्लाचं द्रावण कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर लावा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, भरपूर पाण्याने पुसा. हातमोजे हवेतच. गंजावर ब्लीच कधीही लावू नका, डाग निघत तर नाहीच, उलट पक्का बसतो. गंजलेली पीन किंवा बटण बदललं नाही तर ओघळ परत येणारच.

आता ब्लीच. माझं मत स्पष्ट आहे: घरगुती सफाईत त्याची गरज क्वचितच पडते. ते व्हिनाइलपेक्षा शिवणीच्या दोऱ्याला जास्त मारतं, आणि टाके सुटले की धडधाकट सीटही निकामी होते. स्टेनलेस स्टीलच्या पिनांनाही ते खातं. तरीही वापरायचंच असेल तर एका भागाला नऊ भाग पाणी घ्या, शिवणीपासून दूर राहा, काही मिनिटांत पुसा आणि स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून काढा. अमोनियाच्या जवळ ते नेऊ नका, क्लोरामाइनचा वायू तयार होतो. व्हिनेगर, सायट्रिक किंवा कोणत्याही आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो. काचा पुसायच्या कित्येक द्रवांत अमोनिया असतो, त्यामुळे बाटलीवरचं वाचल्याशिवाय काहीही एकत्र करू नका.

९. फोम भिजला असेल तर

सीटच्या खालच्या बाजूच्या पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने आणि पक्कडीने काढा. किमान एक पूर्ण बाजू मोकळी करा, म्हणजे कव्हर वळवून फोम बाहेर काढता येतो. फोम पिळू नका, फाटतो. स्वच्छ पृष्ठभागावर ठेवून तळहातांनी दाबत पाणी काढा. मग उभा करून पंख्यासमोर ठेवा. जाड फोमला आतपर्यंत वाळायला कित्येक दिवस लागतात. बाहेरून कोरडा लागला की परत भरण्याचा मोह होईल. त्याऐवजी वजन करून बघा: रोज वजन घ्या, ते उतरायचं थांबलं की फोम वाळला.

फोम काळा पडला असेल, चुरा होत असेल किंवा वाळूनही वास येत असेल तर टाकून द्या. नवा घेताना उघड्यावरच्या सीटसाठी मोठ्या छिद्रांचा, पाणी निथळून जाणारा फोम मागा. तो महाग असतो, पण दर पावसानंतर हीच सगळी कसरत करण्यापेक्षा परवडतो.

कुजलेलं प्लायवूड वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. जुनं फळकूट ठेवून नवं आखा, कापा, कडांना इपॉक्सी किंवा चांगलं वॉर्निश पाजा. प्लास्टिकचा बोर्ड वापरला तर कुजण्याचा प्रश्नच मिटतो, फक्त पीन त्यात नीट धरते का ते आधी एका तुकड्यावर बघा. तळाला पाणी निघायला भोकं ठेवा. पिना स्टेनलेसच्याच. कव्हर परत ताणताना चारी बाजूंच्या मध्यभागी आधी पिना मारा, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जा. थंड व्हिनाइल ताणलं जात नाही, थोडा वेळ उन्हात ठेवलं की सैल होतं.

१०. कव्हर बदलायचं की रंगवायचं?

भेगा पडल्या असतील, कापड दिसत असेल किंवा व्हिनाइल पुठ्ठ्यासारखं वाजत असेल तर ते संपलं आहे. फक्त टाके गेले असतील आणि व्हिनाइल मऊ असेल तर पुन्हा शिवून घ्या. दोरा ऊन सोसणाऱ्या पॉलिस्टरचा हवा, सुती दोरा कुजतो.

व्हिनाइलचा स्प्रे-रंग पाठीला, कडांना आणि डोकं टेकायच्या उशीला ठीक दिसतो. बसायच्या जागेवर तो झिजतो आणि वळ्यांमध्ये तडकतो. रंगवणारच असाल तर आधी अल्कोहोलने तेलकटपणा पूर्ण घालवा आणि एका जाड थराऐवजी अनेक पातळ थर द्या.

गुलाबी डागाला मात्र रंग हा उपाय नाही, ते द्रव्य रंगातूनही झिरपू शकतं. तिथे कव्हर बदलावं लागतं, आणि कव्हरबरोबर फोमही. जुन्या फोमवर नवं कव्हर चढवलं तर आतले जिवाणू तिथेच असतात, आणि नव्या पांढऱ्या सीटवर पुन्हा गुलाबी ढग उमटतो. कारागिराकडे दिलं तर हे त्याला आधीच सांगा. तो फोमचा खर्च वाचवून देतो म्हणाला तरी ऐकू नका. जुनं कव्हर फेकू नका, टाके उसवून त्याचे तुकडे नव्या कव्हरसाठी माप म्हणून लागतात.

११. परत येऊ नये म्हणून

साफ, पूर्ण वाळलेल्या सीटवर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा, पाण्यावर आधारित लेप लावा आणि हंगामात अधूनमधून पुन्हा द्या. पेट्रोलियमयुक्त, चकचकीत करणारं पॉलिश नको. ते धूळ धरतं आणि सीट इतकी निसरडी करतं की हलत्या बोटीवर माणूस घसरतो.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने सीट पुसा आणि मग कोरड्या कापडाने. सनस्क्रीन लावून बसणाऱ्यांना खाली टॉवेल द्या. सीटखालचे कप्पे उघडे ठेवा, गाद्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करा, म्हणजे पाणी निथळतं आणि दोन्ही बाजूंनी हवा लागते. ओल्या सीटवर कव्हर घालून बोट बंद करणं हे बुरशीला दिलेलं निमंत्रण आहे. कव्हरला हवेची झडप हवी, आणि मध्ये आधार देऊन त्याला उतार द्या, म्हणजे पाण्याचं तळं साचणार नाही. लांबच्या मुक्कामासाठी गाद्या घरी नेणं सगळ्यांत चांगलं. ते जमत नसेल तर बंद केबिनमध्ये कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवा, आणि त्यात साचलेलं पाणी वेळोवेळी टाका. ते पाणी खारट आणि गंजवणारं असतं, म्हणून डबा सीटवर नाही, तर जमिनीवर पसरट भांड्यात ठेवा.